अथणीहून, आतल्या रस्त्यानं

मुख्य रस्ता सोड, श्रेणिक.
तिथं दोन-दोन ट्रॉल्यांचे ऊसवाले असतात,
गाणी फुल्ल, आरसा नाही,
आणि तुझी ही सायकल तर
एका हातानं उचलता येते.

डेअरीच्या मागनं डावीकडं घे.
फोन म्हणेल रस्ता नाही. म्हणू दे.
एकतीस वर्षं मी पिग्मी गोळा केली त्या नसलेल्या रस्त्यानं,
काळी ॲटलास, कॅरिअरला रेक्झिनची पिशवी,
पाच रुपये, दहा रुपये,
सणाच्या आदल्या दिवशी काहीच नाही.
चढ कुठं कुठं आहेत
ते गुडघ्यांत लिहून ठेवलंय माझ्या.

पहिला चढ फसवा. दिसत नाही, लागतो.
वर पोचलास की बागा सुरू,
तारांवर हात टाकून उभे वेल,
फोटोसाठी थांबवलेल्या वऱ्हाडासारखे.
तिथं वास बदलेल.
आधी गंधकाचा, नाकात टोचणारा,
मागोमाग गोड.
म्हणजे शेडवर बेदाणा पडलाय,
हिरव्या जाळीआड, मजल्यावर मजला,
आणि द्राक्षं आपापलं पाणी
वाऱ्याला देत बसलीत, घाई न करता.
घंटी वाजवू नकोस.
मल्लव्वा त्या वेळेला पाठ टेकते जरा.
जागी असली तर विचारेल, यल्लि होंटी तम्मा?
सुम्ने, म्हण.
एवढं कानडी पुरतं तुला.
उगीच आणि गप्प, दोन्ही त्यात आलं.

काल तू फोटो दाखवलेस फ्रान्सचे.
रस्ता असाच, बागा अशाच,
फक्त मैल गेला तरी माणूस नाही.
मी म्हटलं, इथं पिग्मी कुणाकडनं गोळा करायची रे?
तू हसलास, आणि बोट ठेवलंस एका पाटीवर:
मामा, हे बोर्डो.
बोर्डो?
बोर्डो तर आमच्या आदगोंडाच्या पिंपात असायचं!
मोरचूद, चुना, काठीनं ढवळलेलं,
निळं, आठवडाभर हातावरून न उतरणारं.
त्याच हातानं तो दहाची नोट द्यायचा.
माझी जुनी पावतीपुस्तकं उघड कधी,
पानापानावर निळे अंगठे आहेत.
पुन्हा तिकडं गेलास तर सांग कुणाला तरी,
तुमचं गाव आम्ही
वेलींवर फवारतो.

अनंतपूरच्या पुढं शीव लागेल.
पाटीवर अक्षरं बदलतात, पण पाटी वाकडी आहे,
तिच्यावर जाऊ नको.
डांबर बदललं की बुडाला कळतं.
कधी ह्या राज्याचं गुळगुळीत असतं, कधी त्या.
भांडायचंच होतं तर
एवढ्यावरच भांडायला हवं होतं.

त्यांच्यात दारी म्हणजे वाट.
आपल्यात दारी म्हणजे दारात.
मला कित्येक वर्षं दोन्हीतला फरक कळला नाही,
कारण दोन्हीकडं जायचं तर सायकलवरनंच,
आणि दोन्हीकडं विचारायचे तेच,
पाणी पितोस का, नीर बेकेन,
आणि तांब्या पुढं यायचा
मी उत्तर द्यायच्या आधी.

किती किलोमीटर, ते विचारू नकोस.
पंधरा-वीस खाती होती जाताना,
येताना वारा समोरून.

कुणी मूठभर बेदाणे देईल. घे.
खिशात नको टाकू, चिकटतात.
मागं वळ ती एकटी बाभळ आली की,
तिथं पूर्वी टपरी होती, पंक्चरची,
आता नुसता ट्यूबचा एक तुकडा
फांदीला लोंबतोय.

सूर्य असेपर्यंत ये घरी,
तुझी मामी उजेडातच वाढते.
सायकल भिंतीला लाव, ॲटलासच्या शेजारी.
आणि पंप काढशीलच,
तर तिच्याही चाकात चार दट्टे मार.